मास्तरांचा सराव

पहिल्या दिवशी बाबांसमोर कंगवा ठेवला होता.

पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर सीवूड्सहून एक स्पीच थेरपिस्ट मॅडम यायला लागल्या. वयानं लहान, बोलायला गोड. उशांना टेकवून बसवलेल्या बाबांच्या पुढ्यात त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर आमच्याच घरातला निळा कंगवा ठेवला आणि विचारलं, "सर, हे काय आहे?"

बाबा कंगव्याकडे बघत राहिले. ओठ हलले आणि मग शब्द आला, "टेबल."

"छान. परत एकदा बघा."

"टे... टेबल."

आपण चुकतोय हे त्यांचं त्यांना कळत होतं. कान लाल झाले. डाव्या हातानं त्यांनी कंगवा असा काही उडवला की तो सरपटत कपाटाखाली गेला. दारात उभी असलेली आई आत आली. गुडघ्यांवर बसून तिनं केरसुणीनं कंगवा बाहेर ओढला, पदराला पुसला आणि परत स्टुलावर ठेवला, आधी होता तसाच, दाते बाबांकडे करून.

मॅडमनी आम्हा दोघींना बाहेरच्या खोलीत नेऊन समजावलं. त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. रोज घरातली एक साधी वस्तू समोर ठेवायची. आधी नाव विचारायचं. मग रंग, आकार, कशाची आहे, कशाला लागते. "वर्णन करायला लावा. एक शब्द आला की मागून दुसरा येतो. ते चिडतील, रडतीलही. या आजारात रडू पटकन येतं, त्यावर जाऊ नका." मग त्यांनी विचारलं, "रोज कोण करून घेईल?"

मी घरूनच काम करते, तेव्हा मीच 'मी' म्हणणार होते. माझ्या आधी आई बोलली.

"मी घेन करून."

हा सराव आमच्या घरात नवा नव्हता, हे त्या मॅडमना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

बाबा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. खाडीकाठच्या आमच्या गावात शिकून मास्तर होणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. आजोबांची भातशेती नवं शहर वसवताना गेली, कौलारू घराच्या जागी तीन मजले उभे राहिले, खाली भाडेकरू आले. त्यांच्या बरोबरीची माणसं बांधकामात नाहीतर दुकानदारीत शिरली. बाबा पुस्तकांत शिरले आणि त्यांनी आपल्या जिभेवरून गाव खरवडून काढलं. 'हाय' गेलं, 'आहे' आलं. 'पानी' गेलं, 'पाणी' आलं. गावच्या लग्नातसुद्धा ते शाळेत बोलल्यासारखं बोलायचे आणि लोक त्यांच्याशी बोलताना आधी घसा साफ करायचे.

आई पलीकडच्या गावची, चौथीपर्यंत शिकलेली. तिची जीभ होती तशीच राहिली. सगळ्या गावासारखी तीही त्यांना 'मास्तर'च म्हणायची.

वर्णन हा बाबांचा हातखंडा. संध्याकाळी शाळेतून आले, हातपाय धुतले की ते टेबलावर एखादी वस्तू ठेवायचे. पेला. कुलूप. अर्धवट झिजलेला साबण. मी समोर. "दिसतं ते सांग. वाटतं ते नको." 'छान' म्हणायचं नाही, 'सुंदर' म्हणायचं नाही. 'पेला गोल आहे' म्हटलं की ते पट्टीनं माझ्या बोटांवर टक्कन मारायचे. "गोल कुठून दिसतोय तुला? वरून बघतेस की समोरून?" मग मी वाकून, मान तिरकी करून परत बघायचे. पेल्याची कड एका ठिकाणी चेपलेली दिसायची. तळाशी पाण्याचं पांढरट वर्तुळ दिसायचं. ते सांगितलं की पट्टी खाली जायची. शाबासकी नाही, पट्टी नुसती खाली.

आठवड्यातून एखादा दिवस ताट असायचं. समोर भाकरी, जवळ्याचं कालवण, भात, आणि हात मांडीखाली. आधी वर्णन, मग जेवण. कालवणावर तेलाचा तवंग धरेपर्यंत ते मला एकेक शब्द बदलायला लावायचे. एकदा असं चाललेलं असताना त्यांच्या शाळेतले एक सर घरी आले होते. मी भाकरीपाशी अडकले होते. आईला राहवलं नाही.

"जेवू द्या तिला, मास्तर. शालंतून आल्यापासून पोरगी पानी पन नाय पेली."

बाबांनी पट्टी बाजूला ठेवली. "काय प्यायली नाही?"

आईनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"पाणी. म्हण. जीभ वर टाळूला लाव. ण."

"पानी."

"ण."

"पा...नी."

पाहुणे सर चहाच्या कपात तोंड घालून हसत होते. बाबांनी तिच्याकडून तो शब्द किती वेळा म्हणवून घेतला ते मला आठवत नाही. तिची जीभ काही वर जाईना. शेवटी तेही हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, जेव." त्यानंतर घरात पाहुणा आला की आई बोलायची नाही. चहा ठेवायची आणि आत जायची. नातेवाइकांना वाटायचं, मास्तरांची बायको गर्विष्ठ आहे.

पण खरं घडलं ते पायांचं. आई जमिनीवर बसून, पाय पसरून, विळीवर मासे साफ करत होती. बाबा खुर्चीत होते, मी त्यांच्या शेजारी. ते म्हणाले, "शिक. बघायचं कसं ते बघ." आणि तिच्या पायांकडे बघत, सावकाश, वर्गात सांगतात तसं ते सांगत गेले:

"टाचा अशा फाटलेल्या, की पाणी आटलेलं शेत. भेगांत बसलेली काळी रेघ, घासून न जाणारी. अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं, कालवाच्या कवचासारखं. जोडवी बोटांत रुतून बसलेली. या पायांत चप्पल घातली, तरी ते अनवाणीच दिसतात."

आईचा हात विळीवर थांबला. मग तिनं पाय जवळ ओढून घेतले, साडीखाली घातले आणि उरलेले मासे तशाच अवघडल्या अवस्थेत कापले.

उतारा चांगला होता. मी आता याच धंद्यात आहे, त्यामुळं सांगू शकते. ऑनलाइन दुकानांसाठी मी वस्तूंची वर्णनं लिहिते, कढई, चादर, चपला. बंदराजवळ द्रोणागिरीच्या कुठल्यातरी गोदामात पडलेल्या वस्तू मी फोटोवरून लिहिते आणि लोक त्या विकत घेतात. बाबा याला 'हमाली' म्हणायचे. असो. उतारा चांगला होता, म्हणूनच बाबांनी तो वर्गात घातला. 'पाय' या नावानं, वर्णनाचा नमुना म्हणून, दर वर्षीच्या नव्या मुलांना. गावातली मुलंही त्याच शाळेत होती. पाय कुणाचे हे सांगायची गरज नव्हती. आई रेशनच्या रांगेत उभी राहिली की पोरं आधी खाली बघायची, मग वर. एकदा एका पोरानं गल्लीतून ओरडून शेवटची ओळ म्हटली आणि तो पळून गेला. आई साडी जमिनीला टेकेल अशी नेसायला लागली. लग्नकार्याच्या फोटोंत ती कायम मागच्या रांगेत दिसते.

तर आता आई सराव घेणार होती.

सकाळी बाबांचं अंग पुसून झालं की ती स्टूल लावायची. पहिले काही आठवडे सगळं सरळ होतं. वाटी, किल्ली, साबण. बाबा चुकायचे, ती म्हणायची, "नाय. परत." आवाज चढवायची नाही. वाट बघायची, आणि त्या वाट बघण्याला अंत नसायचा. चहाचा कप तिच्या हातात असायचा. 'वाटी' म्हटल्याशिवाय तो पुढे यायचा नाही. मी कामाच्या कॉलवर असायचे आणि पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं, "नाय. परत. नाय. परत." मग घशातून ओढून काढलेला एक शब्द, आणि कपबशीचा आवाज.

ती त्यांना 'तू' म्हणायला लागली होती. इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"आई, तू बाबांना तू म्हणतेस?"

"ल्हान पोरांना शिकवतात तसं शिकवा, मॅडमच बोलल्या."

शब्द यायला लागले. वाटी आली. स्टील आलं. 'गोल' आलं, आणि ते आलं तेव्हा आई म्हणाली, "कुठून गोल? वरून का समोरून?" बाबांनी तिच्याकडे बघितलं. मी दारात होते. तो चेहरा मला अजून दिसतो, कारण त्यात राग नव्हता. त्यांना कळलं होतं.

त्यानंतर वस्तू बदलल्या. एक दिवस तिनं त्यांची कवळी स्टुलावर ठेवली. दात नसलेल्या तोंडानं त्यांना दातांचं वर्णन करायचं होतं. दुसऱ्या दिवशी निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं सन्मानचिन्ह. काचेवर कोरलेलं स्वतःचं नाव त्यांना वाचता येईना. "कोनाचं नाव हाय? बग नीट. मोठा मानूस दिसतो कोनतरी." ते नावावरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "साबण."

मग एकदा लघवीचं भांडं. बाबांना लागली होती, ते हातानं खुणा करत होते. आईनं भांडं उचललं आणि त्यांना पोचणार नाही इतक्या अंतरावर धरलं.

"काय हाय ह्ये?"

"दे."

"आदी सांग."

"पां... पांढरं. दे."

"आनि?"

"दांडा. दे. दे."

"कशाचं हाय?"

'प्लास्टिक' हा शब्द त्यांच्यासाठी फार लांब होता. तो येईपर्यंत चादर ओली झाली होती. आईनं त्यांना कुशीवर केलं, चादर ओढली, गरम पाण्यानं त्यांना पुसलं, पावडर लावली, धुतलेला लेंगा घातला. नर्सनंही इतकं नीट केलं नसतं. लेंग्याची नाडी बांधताना ती म्हणाली, "उद्या परत घेऊ."

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "आई, हे काय चाललंय?"

"सराव."

"त्यांना त्रास होतोय."

"व्हतोय ना? मग बोलतील," ती म्हणाली आणि ओली चादर बादलीत घालायला लागली.

मॅडमना हे सांगावं असं मी ठरवलं होतं. पण त्या आल्या, त्यांनी बाबांना खिडकी दाखवली आणि बाबा म्हणाले, "खिडकी. लोखंड. बाहेर झाड." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आईचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काकू, कमाल केलीत. बाकीच्या घरांत लोक दया दाखवतात, मागायच्या आधी हातात देतात आणि पेशंट मुका राहतो." आई जमिनीकडे बघत होती. मी चहा ठेवायला आत गेले. औषध लागू पडलं होतं.

पावसाळा संपता संपता बाबांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आमच्या गावचा नव्हता, रबाळ्याकडचा. आता त्याचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, हातात जाड अंगठ्या, फळांची टोपली सेलोफेनमध्ये बांधलेली. तो खरोखरच हळवा झाला होता. बाबांच्या पायाशी बसला, त्यांचा मेलेला उजवा हात त्यानं हातात घेतला.

"सर, आज चार लोकांत उभं राहून बोलतो ते तुमच्यामुळं. तुमचा एक उतारा अजून पाठ आहे मला. ऐकवू?"

मला कळलं कुठला ते. त्याला थांबवायला मी काहीतरी बोलले, बहुतेक चहाचं. चहा तर आलाच होता. आई ट्रे घेऊन दारात उभी होती.

"टाचा अशा फाटलेल्या," त्यानं डोळे मिटून सुरुवात केली, "की पाणी आटलेलं शेत."

बाबांचे ओठ हलायला लागले. आधी आवाज नव्हता. भेगा आल्या, नख आलं, कालवाचं कवच आलं आणि त्यांच्या घशातून त्याच्या आवाजाखाली त्यांचा आवाज यायला लागला. जोडव्यांपाशी विद्यार्थी अडखळला. बाबा अडखळले नाहीत.

"जोडवी बोटांत रुतून बसलेली. या पायांत चप्पल घातली, तरी ते अनवाणीच दिसतात."

अख्खं वाक्य. स्वच्छ, शाळेतलं, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं पूर्ण वाक्य.

"सर बोलले! ताई, बघा, सर बोलले!" तो विद्यार्थी उठून उभा राहिला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, पण तो अर्धा चेहरा जुना होता, वर्गातला. त्यांनी त्या हसऱ्या बाजूनं दाराकडे बघितलं.

आईनं ट्रे टेबलावर ठेवला. बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा पाहुण्यासमोर बोलली.

"घ्या. बिनसाखरेचा लागतो का साखरेचा, ते तुमाला इचारलंच नाय."

पुढं मी मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं. वर्षानुवर्षं घोकलेलं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. पेशंट पाढे म्हणतो, आरती म्हणतो, त्यात त्याचा हेतू नसतो. मी आईला ते सांगितलं. "असंल," ती म्हणाली.

त्या दिवशी विद्यार्थी गेल्यावर तिनं स्टूल ओढलं. सरावाची वेळ नव्हती ती. समोर खुर्ची घेऊन बसली, साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि आपला उजवा पाय स्टुलावर ठेवला.

"सांग. काय हाय ह्ये?"

बाबा बघत राहिले.

"पाय," ते म्हणाले.

"कसा हाय?"

"भेगा."

"कुठं हाईत? दाखव मना."

मीही तेव्हा बघितलं. आईचे पाय मी कित्येक वर्षांत नीट बघितलेच नव्हते. त्यांवर भेगा नव्हत्या. घरात लाद्या येऊन जमाना झाला होता, मासे ती ओट्यापाशी उभी राहून कापायची, आणि रोज झोपताना ती टाचांना क्रीम चोळायची, ते दार लावून. टाच गुळगुळीत होती, जराशी गुलाबी, एखाद्या शहरातल्या बाईची असते तशी. नखं कापलेली. जोडवी तिनं कधीतरी काढून ठेवली होती, बोटावर फक्त फिकट पट्टा होता.

"दाखव," ती म्हणाली.

बाबांचा डावा हात पुढे आला. बोट टाचेवर ठेवून ते शोधू लागले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "भे... गा," ते म्हणाले. परत बोट फिरवलं. त्यांना रडू फुटलं, लाळ हनुवटीवरून गळायला लागली. रडू पटकन येतं, त्यावर जाऊ नका, असं सांगितलेलं होतंच. आईनं पाय काढून घेतला नाही. त्यांचं रडून होईपर्यंत तो तसाच त्यांच्या बोटाखाली ठेवला. मग साडी खाली केली, त्यांचं तोंड पुसलं आणि स्टूल उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यावर तिनं तुळशीची कुंडी ठेवली.

सराव संपला. कुणी काही जाहीर केलं नाही. सकाळी अंग पुसून झालं की चहाचा कप थेट बाबांच्या हातात यायला लागला. जे हवं ते मागायच्या आधी. ती परत 'तुमी' म्हणायला लागली, परत 'मास्तर' म्हणायला लागली. तिच्याकडे बघून कुणीही म्हणालं असतं की नवऱ्याची इतकी सेवा करणारी बाई शोधून सापडणार नाही. म्हणालेही. आता घरी कुणी आलं की ती त्यांच्याशी गप्पा मारत बसते, मोठ्यानं, हसून, आपल्या भाषेत. बाबा ऐकतात.

मी काही दिवस प्रयत्न केला. पेला ठेवला, चष्मा ठेवला. बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. माझ्यासमोर चुकायची त्यांची तयारी नव्हती. चुकले ते फक्त तिच्यासमोर. मॅडम दोन-तीनदा येऊन गेल्या, गोंधळल्या, म्हणाल्या, "इतकं छान चाललं होतं." मग त्यांचंही येणं बंद झालं. शब्द आले त्याच्या उलट क्रमानं गेले. झाड गेलं, लोखंड गेलं, वाटी गेली. 'दे' राहिलं. आता तेही क्वचित.

गेल्या आठवड्यात मी आईला विचारलं. ती बाबांसाठी मऊ भात कालवत होती.

"परत सुरू करूया का? मी मॅडमना फोन केला होता. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाल्या."

ती भात कालवत राहिली. गुठळी राहिली तर त्यांना ठसका लागतो, म्हणून ती बोटांनी शीत न् शीत मोडते.

"नको," ती म्हणाली. "शब्द आले तर पयले मनाच येऊन लागतील."

ती वाडगा घेऊन आत गेली. मी मागून गेले. तिनं त्यांच्या गळ्याभोवती नॅपकिन बांधला, उशी सरळ केली, भातावर फुंकर मारली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. कपाळावर आठी पडली, ओठ जुळले, सुटले, परत जुळले. काहीतरी येत होतं. त्यांनी ते बोलायला तोंड उघडलं, आणि आईनं चमचा आत घातला.